पंप कुणाच्या पाठीवर

ग्लायफोसेट या तणनाशकावर भांडायचं तर अमेरिकेतल्या कोर्टापासून सुरुवात करायची, अशी आता रीतच पडली आहे. हिंगणघाटजवळच्या एका ओसरीवर गेल्या पावसाळ्यात जे भांडण मी ऐकलं, तेही तिथूनच सुरू झालं. एका बाजूला सात एकर कोरडवाहूत कापूस-तूर घेणारी बाई. शेतकरी संघटनेची जुनी कार्यकर्ती, 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला ट्रकमध्ये बसून गेलेली. संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्याने सातबाऱ्यावर तिचं नाव चढवलं, तेव्हापासून शेतीचा कारभार तिचाच. गाव तिला आत्या म्हणतं. दुसऱ्या बाजूला तिचा सख्खा भाचा, मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, शिकवणारा डॉक्टर. दोघं एकमेकांचं ऐकून घेतात, पण मान डोलावत नाहीत. बोलणं झालं तसं देतो. मध्येच कापसाच्या भावावर गाडी घसरली तेवढा भाग गाळला आहे, नाही तर अंक पुरला नसता.

भाचा : ज्या औषधापायी 2018 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने मोन्सँटो कंपनीला 28 कोटी 90 लाख डॉलरचा दणका दिला, ते तू पऱ्हाटीत, कपाशीत मारतेस, आत्या.

आत्या : पुढे त्याचे किती राहिले, तेही सांग ना.

भाचा : आधी 7 कोटी 80 लाख झाले, मग अपिलात 2 कोटी 5 लाख. रक्कम उतरली, दोष उतरला नाही. ड्वेन जॉन्सन नावाचा माणूस. शाळांच्या आवारातलं तण मारायची नोकरी. एकदा फवाऱ्याची नळी तुटली आणि सगळं औषध अंगावर आलं. त्याला लिम्फोमा झाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. खटल्यात कंपनीच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या. मग हजारो दावे लागले. बायरने मोन्सँटो विकत घेऊन दोनच वर्षं झाली होती. 2020 साली दावे मिटवायला तिने हजार कोटी डॉलरच्या वर पैसे काढून ठेवले.

आत्या : पैसे देऊन मिटवलं म्हणजे कबूल केलं, असं नसतं. मी जमिनीची केस लढलेय, मला शिकवू नको. ज्युरीत बसतात ती तुझ्यामाझ्यासारखी माणसं. कॅन्सर कशाने होतो, ते त्यांना कसं कळणार?

भाचा : बरं, कोर्ट सोड. मार्च 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, आयएआरसीने, ग्लायफोसेट 2-अ गटात टाकलं. माणसाला कॅन्सर होण्याचं बहुधा कारण ठरणारे पदार्थ, असा तो गट.

आत्या : त्याच गटात मटण आहे. रात्रपाळी आहे. शिकताना किती रात्रपाळ्या केल्यास? आणि तुझे काका रोज संध्याकाळी जी घेतात ती तर पहिल्याच गटात, खात्रीच्या.

भाचा हसला, पण त्याने मुद्दा सोडला नाही. या साऱ्या वादात सर्वांत जास्त गोंधळ जिथे होतो, ती गाठ त्याने चांगली सोडवली असं मला वाटतं.

भाचा : आयएआरसी एवढंच पाहते की अमुक पदार्थ कॅन्सर करू शकतो का. किती मात्रेला, किती वर्षांत, हे ठरवणं तिचं काम नाही. विहिरीला कठडा नाही, एवढं ती सांगते. पोर पडेल की नाही, ते विहीर घरापासून किती लांब आणि पोर किती उनाड त्यावर. तो हिशेब दुसऱ्या संस्था करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगितलं, कॅन्सरचा धोका संभवत नाही. 2016 साली डब्ल्यूएचओ आणि एफएओच्या संयुक्त बैठकीने सांगितलं, अन्नातून पोटात जातं तेवढ्याने होण्याचा संभव नाही. युरोपने 2023 साली त्याच्या वापराला आणखी 10 वर्षांची मुदतवाढ दिली.

आत्या : मग झालं तर. माझं वकीलपत्र तूच घेतलंस.

भाचा : कुठे झालं? या संस्था बऱ्याच अंशी कंपन्यांनीच सादर केलेल्या अभ्यासांवर चालतात. आयएआरसी जाहीर उपलब्ध असलेलंच धरते. शिवाय विहीर किती लांब, ते त्यांनी युरोपातल्या ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसून मोजलंय. आपल्या धुऱ्यावर उभं राहून नाही.

आत्या : अमेरिकेत फवारणाऱ्या लोकांचाच अभ्यास झालाय. पोराने मोबाइलवर वाचून दाखवला मला.

भाचा : झालाय. 54,000 च्या आसपास परवानाधारक फवारणी करणारे, वर्षानुवर्षं मागोवा घेतलेला. 2018 साली निष्कर्ष छापला. ग्लायफोसेट आणि लिम्फोमा यांचा एकंदर संबंध दिसला नाही. तो चांगला अभ्यास आहे, मी वर्गात शिकवतो. पण 2019 साली दुसऱ्या गटाने सगळे अभ्यास एकत्र केले आणि सर्वांत जास्त संपर्क आलेल्यांमध्ये 41 टक्के जादा धोका काढला.

आत्या : 41 टक्के जादा, पण कशाच्या? आधी किती जणांना होत होता?

भाचा : (हसत) हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना पडत नाही. मुळात हा आजार कमीच. थोड्याचे 41 टक्के म्हणजे थोडेच. पण ज्याच्या घरी होतो त्याच्या घरी थोडा नसतो.

आत्या : आणि ते उंदरांचे फोटो? एवढाल्या गाठी आलेले. तेव्हा साऱ्या गावाने फिरवले होते.

भाचा : ते फ्रान्समधल्या सेरालिनींचं संशोधन, 2012 चं. उंदरांची ती जातच अशी की म्हातारपणी आपोआप गाठी येतात, आणि गटात उंदीर मोजके. पुढच्या वर्षी ते नियतकालिकाने मागे घेतलं. पण फोटो कोण मागे घेणार? आता उलट बाजूचं ऐक. ग्लायफोसेट सुरक्षित आहे असं सांगणारा 2000 सालचा एक आढावा होता. नियामक संस्था वर्षानुवर्षं त्याचा हवाला देत. कंपनीच्या माणसांचा तो लिहिण्यात हात होता, हे त्या ईमेलांतून बाहेर पडलं. तो मागे घ्यायला 2025 साल उजाडलं.

उंदरांचा लेख वर्ष-सव्वा वर्षात मागे घेतला जातो, कंपनीच्या सोयीच्या लेखाला पाव शतक लागतं. ग्लायफोसेटने कॅन्सर होतोच, असं म्हणायला आज हाती आहे तो पुरावा पुरत नाही, असं माझंही मत आहे. पण लोक कंपन्यांवर विश्वास ठेवत नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

इथवरचं भांडण जगात कुठेही ऐकायला मिळालं असतं. पुढचं इथलंच.

भाचा : आत्या, साध्या कपाशीवर ग्लायफोसेट पडलं तर कपाशीच जळते. हे औषध तण आणि पीक ओळखत नाही. पानातून आत जातं, मुळापर्यंत उतरतं, आणि झाडाला प्रथिनांसाठी लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारी वाटच बंद करतं. ती वाट माणसाच्या शरीरात नाही, म्हणून कंपनी निर्धास्त असते. पण तुझी पऱ्हाटी तर हिरवीगार आहे. म्हणजे तू चोरबीटी पेरलीस, हे औषध सोसणारी बिनमंजुरीची कपाशी.

आत्या : चोर कोणाला म्हणतोस? 10 जून 2019 ला अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला आमच्या लोकांनी दिवसाढवळ्या पेरली. पोलीस, पत्रकार, सगळ्यांच्या देखत. पाच वर्षं कैद आणि लाखाचा दंड होता तेव्हाच्या कायद्यात.

भाचा : तो सत्याग्रह होता, मान्य. पण तू जे पाकीट आणलंस त्याचं बिल आहे? त्यात कोणतं बियाणं आहे, कोणी तपासलं? मंजुरीचा अर्ज कंपनीनेच 2016 साली मागे घेतला. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार?

आत्या : कुठेच नाही. त्याची झळ लागलीय मला. एका साली अर्धं वावर मोड द्यावं लागलं. तरी पेरते. काऊन पेरते, ते ऐकायचंय? झड लागते. आठ-आठ दिवस वापसा नाही, डवरा चालत नाही. तेवढ्यात केना, लव्हाळा, हरळी पऱ्हाटीच्या वर जातं. हरळीला खुरपं लावलं की एकाची चार होते. लव्हाळ्याची गाठ खाली तशीच राहते, चौथ्या दिवशी सुईसारखं पातं वर. निंदायचं तर एकराला आठ-दहा बाया, आणि साऱ्या गावाला त्या एकाच आठवड्यात पाहिजेत. पुण्या-मुंबईचे लोक येतात, म्हणतात हाताने निंदा, निसर्ग जपा. हात कोणाचे, ते विचारत नाहीत. चिखलात दिवसभर उकिडवं बसून, लेकरू धुऱ्यावर निजवून निंदणारी बाई मी होते. माझी कंबर बघ आता. औषधाचा डबा चार-पाचशेला मिळतो आणि दोन घंट्यांत एकर होतो.

भाचा : आणि ज्या बायांचं ते निंदण होतं? भूमिहीन बायांचा पावसाळ्यातला रोज तेवढाच. तो तुझ्या डब्याने खाल्ला.

आत्या : (थोड्या वेळाने) खाल्ला. कापूस वेचायला त्याच येतात अजून, पण आषाढ-श्रावणात त्यांना काम नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे?

उत्तर कोणाकडेच नव्हतं. तणनाशकाच्या बाजूने लिहिणारे मजुरांच्या टंचाईबद्दल भरभरून लिहितात आणि विरोधात लिहिणारे मातीबद्दल. निंदणाऱ्या बाईची कंबर आणि तिचा रोज या दोन गोष्टी एकाच वाक्यात क्वचित येतात. म्हणून हा तुकडा जसाच्या तसा दिला.

भाचा : मातीचं काय पण? गांडुळं, जिवाणू...

आत्या : मातीवर नको बोलू. नेरळला भडसावळ्यांनी भाताची सगुणा पद्धत काढली. नांगरट नाही, चिखलणी नाही, गादीवाफे एकदाच करायचे, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. जमीन काळीभोर होते, गांडुळं परत येतात. आणि तण कशाने मारतात? ग्लायफोसेटने. कोल्हापूरचे चिपळूणकर तर म्हणतात तण वाढू द्या, वेळेवर मारा, जागीच कुजवा, त्याचाच कर्ब होतो. आपण ‘तण खाई धन’ म्हणत जन्म घालवला. नांगराने माती मरते, ते कोणी मोजतं का?

या ठिकाणी डॉक्टरांची बाजू थोडी लंगडी पडली, हे नोंदवायला हवं. विनानांगरणी शेती करणाऱ्या पुष्कळांना तणनाशक सोडणं अवघड जातं. ‘रसायन विरुद्ध माती’ अशी सरळ फाळणी करणाऱ्यांना नेरळची वावरं अडचणीची ठरतात. भाच्याने मग दुसरीकडून हल्ला केला, आणि तो वर्मी लागला.

भाचा : अमेरिकेनेही हेच केलं. 1996 पासून ग्लायफोसेटला दाद न देणारं सोयाबीन, मग कापूस, मका. दर साली तेच औषध. दहा वर्षं झाली नाहीत तोच जॉर्जियाच्या कापसात पामर नावाचं तण औषधाला मरेनासं झालं. आपल्या माठाची, तांदुळज्याची चुलत बहीण ती. माणसाच्या डोक्यावर जाते. शेवटी तिथल्या कास्तकारांनी मजूर लावून ती हाताने उपटली, आणि कंपन्यांनी आणखी जुनी, आणखी उडणारी औषधं सहन करणारं बियाणं आणलं. तुझ्याकडे हे होणार नाही?

आत्या : होईल. आताच केना पहिल्यासारखा मरत नाही.

भाचा : मग मात्रा वाढवतेस?

आत्या : वाढवते. मग काय करू?

भाचा : दरवर्षी तेच मारू नको. मधून डवर, मधून निंद, फेरपालट कर. हे मी नाही सांगत, कृषी विद्यापीठ सांगतं.

आत्या : विद्यापीठाला माझ्या चोरबीटीबद्दल काही सांगताच येत नाही. कागदोपत्री ती पेरलेलीच नाही ना.

थट्टेत बोलली, पण खरं तेच आहे. आपल्याकडे ग्लायफोसेटची अधिकृत शिफारस चहाच्या मळ्यांपुरती आणि बिगरपिकाच्या जागेपुरती. कपाशीत ते वापरायचं किती, कधी, वारा किती असताना, शेजारच्या तुरीपासून किती अंतर सोडून, याचं एकही सरकारी पत्रक निघू शकत नाही, कारण ते पीकच बेकायदा. सल्ला देतो तो कृषी केंद्राचा पोऱ्या. श्रीलंकेने 2015 साली सरसकट बंदी घातली, मूत्रपिंडाच्या आजाराच्या धास्तीने. चहावाले हैराण झाले, दुसरी औषधं धरली. 2018 साली चहा-रबरासाठी बंदी सैल झाली आणि 2022 साली उठली. आपण बंदीही घातली नाही आणि मोकळीकही दिली नाही. दोन्हींचा तोटा तेवढा घेतला.

एवढ्यात हिशेब करायला पंपवाला आला. तिशीचा गडी, स्वतःची जमीन नाही. पंपामागे ठरलेले पैसे घेऊन पंचक्रोशीत फवारतो. डॉक्टरने त्याला पाणी विचारलं आणि त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. शर्ट पाठीवर ओला होता, घामाने नव्हे. पंपाच्या झाकणाचं वायसर गेलेलं. मग प्रश्न विचारता विचारता एकेक बाहेर आलं. औषध मोजायला डब्याचंच झाकण. ढवळायला तुरीची काडी, नाही सापडली तर हात. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं. हे त्याने करूनही दाखवलं, खिशातलं पितळी नोझल काढून ओठाला लावलं, फुंकलं, ओठ पुसले.

भाचा : काही त्रास होतो?

पंपवाला : तणनाशकाचं काही नाही होत, साहेब. हात थोडे चरचरतात. बोंडअळीचं पॉवरचं औषध असलं की चक्कर येते, डोळ्याला अंधारी येते. त्या दिवशी आंघोळ करून निजून राहतो.

भाचा : पंप तोच?

पंपवाला : तोच. एकदाच चुकलं. गव्हातल्या तणनाशकाचा पंप नीट न धुता पऱ्हाटीत नेला, पानं पार भेंडीवानी झाली. तेव्हापासून पंप धुतो. तीन पाण्यांनी.

पंप धुतो तो कपाशीसाठी. डॉक्टर काही बोलला नाही, वहीत लिहून घेतलं. मग आत्याकडे वळला.

भाचा : 2017 आठवतं? यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना 20 हून जास्त माणसं गेली, शेकडो भरती झाली. त्यात ग्लायफोसेटचा दोष नव्हता, तुझ्या बाजूने हे मीच सांगतो. ती कीटकनाशकं होती, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, बऱ्याचदा एकत्र कालवलेली. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, औषध तोंडावर येत होतं. पण माणूस हाच होता. पंप हाच, शर्ट हाच. तो आयुष्यात काय काय अंगावर घेतो, त्याची कुठे नोंद आहे? तुझ्या त्या 54,000 अमेरिकनांची नोंद होती, म्हणून त्यांना सांगता आलं की संबंध दिसत नाही. याच्याबद्दल संबंध आहे असंही मला सांगता येत नाही आणि नाही असंही.

आत्या : हातमोजे देते मी. घालत नाही तो.

पंपवाला : भादव्याच्या उन्हात घालून बघा तुम्ही एक दिवस.

भाचा : शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी फवारू नये. त्याविरुद्ध कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

आत्या : पेस्ट कंट्रोल? नागपूरला फ्लॅटमध्ये झुरळं मारायला येतात ते? बाप्पा! ते येणार माझ्या वावरात?

पंपवाला : म्हणजे मला मनाई आहे का, साहेब?

त्याचा हा प्रश्न वर्तमानपत्रांतल्या कुठल्याही चर्चेत मी वाचलेला नाही. ग्लायफोसेटने कॅन्सर होतो का, यावर आत्या-भाच्याचं त्या दिवशी जमलं नाही, पुढेही जमेलसं वाटत नाही. जगातल्या संस्थांचं जमलेलं नाही, तिथे ओसरीवर कसं जमणार? पण प्रशिक्षित माणसानेच फवारावं, हा त्या अधिसूचनेतला विचार चांगला होता. चुकला तो माणूस निवडण्यात. तो शहरातल्या कंपनीत शोधला, गावात नाही. पंचक्रोशीतला प्रत्येक पंप ज्याच्या पाठीवर चढतो त्यालाच चार दिवसांचं प्रशिक्षण, परवाना, धड पंप आणि उन्हात सोसेल असा अंगरखा दिला असता, तर अर्धं काम झालं असतं. बियाण्याचंही तसंच: मंजूर करायचं तर तपासून करा, नाकारायचं तर कारण सांगून नाकारा. पोलिसांनी पाकिटं जप्त करण्याने तण मरत नाही आणि औषधही थांबत नाही.

दिल्लीत काय व्हायचं ते होवो. येत्या जूनच्या आत ग्रामपंचायतींनी एवढं करावं: गावात रोजाने फवारणारे कोण, त्यांची यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी, त्यांची वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. आणि फवारताना कोणाला चक्कर आली, उलटी झाली, तर त्याच्यासोबत औषधाचा डबा, निदान त्याचं लेबल, दवाखान्यात न्यावं. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधावर अ‍ॅट्रोपिन चालतं, सगळ्यांवर चालत नाही. डबा पाहिल्याशिवाय डॉक्टरला ते कळायला मार्ग नाही.